वजीरचा तांबडा कासरा

"ह्यो कासरा हाय का जानवं?"

बब्रुवानआण्णांनी हातातली दोरी उन्हात धरली आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. दोरी करंगळीएवढी जाड, रेशमासारखी गुळगुळीत आणि दुधासारखी पांढरीशुभ्र होती.

"आण्णा, तुम्ही जाडीवर जाऊ नका," शिवशंकर म्हणाला. "पोलादाच्या तारंपेक्षा मजबूत हाय ती. वजीर काय, वजीरचा बाप आला तरी तुटायची न्हाय."

पोळा उद्यावर आला होता. सकाळपासून घराघरांत खांदेमळणीची तयारी चालू होती आणि आण्णांना धास्ती लागली होती. वजीर हा त्यांचा बैल वर्षभर गाईपेक्षा गरीब असायचा. औताला मुकाट चालायचा, पोरंसोरं पाठीवर बसली तरी शेपूट हलवायचा नाही. पण पोळ्याच्या मिरवणुकीत हलगी कानावर पडली की त्याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. एका वर्षी त्यानं आण्णांना गटारातून ओढत नेलं. गेल्या वर्षी तागाचा नवा कोरा कासरा तोडून तो समोरच्या बळभीमच्या घरात शिरला आणि पुरणाच्या पातेल्यात तोंड घालून उभा राहिला. बळभीमच्या घरी त्या दिवशी नैवेद्याला शिरा झाला. ते दुःख बळभीम अजून विसरला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, तो कुणाला विसरूही देत नव्हता.

शिवशंकर जवळच्या वाशीत, तालुक्याच्या गावी, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचा आणि सोलापूरच्या महांतेश सरांच्या हाताखाली पीएचडी करायचा. ही दोरी त्यांच्याच प्रयोगशाळेतली होती. एका कंपनीनं नमुन्यादाखल पाठवलेला खास धागा पिळून ती बनवली होती. वडिलांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी आपल्या विद्येतून पहिल्यांदाच निघालं, या आनंदात शिवशंकर ती घेऊन आला होता.

खात्री पटवण्यासाठी बळभीमचा ट्रॅक्टर मागवण्यात आला. दोरीचं एक टोक लिंबाच्या झाडाला आणि दुसरं ट्रॅक्टरला बांधलं. ट्रॅक्टरनं पहिला हिसका दिला आणि गाठ सुर्रकन सुटली.

"तुटली!" बळभीम आनंदानं ओरडला.

"तुटली न्हाय, गाठ निसटली. लई गुळगुळीत असती ही," शिवशंकरनं सांगितलं आणि तिढे घालून पक्की गाठ मारली. दुसऱ्या हिसक्याला ट्रॅक्टर जागच्या जागी थरथरला, पुढची चाकं वीतभर उचलली गेली, लिंबावरचे कावळे उडाले. दोरी तशीच ताठ. जमलेल्या मंडळींनी "आयला!" म्हणून दाद दिली. आण्णांनी मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं, की तशी नजर शिवशंकरनं दहावीच्या निकालानंतर पाहिली नव्हती.

तेवढ्यात कस्तुराबाई हळदीचं वाटण घेऊन बाहेर आल्या आणि त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं.

"ह्ये काय? पोळ्याला पांढरा कासरा? बैल लग्नाला चाललाय का मयताला?"

बाईंचा मुद्दा बरोबर होता. मारुतीपुढे बैलांचं लग्न लागायचं. झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं, आणि हातात पांढरी दोरी? आण्णांचा चेहरा उतरला.

"आगं, त्यात काय," ते म्हणाले, "रंगाची पुडी आन, चुलीवर पानी ठिव, दे बुडवून. तासाभराचं काम."

शिवशंकरनं डोकं खाजवलं. तो दोरीकडे बघत राहिला.

"काय झालं रं?"

"आण्णा, ह्याला रंग बसत न्हाय."

"बसत न्हाय म्हंजी?"

"म्हणजे बसतच न्हाय. त्याच्यावरच तर माझी पीएचडी हाय."

आण्णांनी कान पुढे केला. "कशावर?"

"ह्या धाग्याला रंग कसा बसवायचा, त्याच्यावर."

आण्णा ओट्यावर बसले. गेली सहा वर्षं ते गावात सांगत होते की पोरगा औषधाचं काहीतरी शोधायलाय. कस्तुराबाईंनी तर माहेरी अणदूरला रॉकेटपर्यंत मजल मारली होती. शिवशंकरनंही कधी खुलासा केला नव्हता, कारण खुलासा केला की काय होणार हे त्याला माहीत होतं. आणि आता तेच झालं.

"सहा वरसं," आण्णा हळूच म्हणाले, "दोरीला रंग द्यायला?"

"तसं न्हाय ते आण्णा..."

"माझा बाप पोळ्याच्या आदल्या दिशी बारा बैलांचं कासरं, म्होरक्या आन येसणी रंगवायचा. दुपारच्या जेवनाआदी."

"तो ताग होता. तागाला रंग धरायला जागा असती. ह्याचं अंग काचंवानी गुळगुळीत हाय, पाणीबी आत जात न्हाय. कडक फरशीवर बी टाकल्यावर उगवंल का?"

"मंग नांगरायची की फरशी!"

"तेच करायलोय सहा वर्षं!" शिवशंकर ओरडला. "आधी रसायनात भिजवून अंग खरबरीत करायचं, मग रंग द्यायचा. नांगरणी जमंना अजून."

बळभीम ट्रॅक्टरवर बसून हे सगळं ऐकत होता. त्यानं इंजिन बंद केलं. गावभर सांगायला जायची घाई असूनही तो थांबला, यावरून पुढे आणखी काहीतरी बघायला मिळणार याची त्याला खात्री असावी.

कस्तुराबाईंचा मुलावर जीव होता, पण त्याच्या रसायनशास्त्रावर नव्हता. "तुमास्नी पुरुषांना पानीच नीट उकळता येत न्हाय," असं म्हणून त्यांनी चूल पेटवली. मोठ्या पातेल्यात तांबड्या रंगाची पुडी सोडली, मूठभर मीठ टाकलं, दोरी बुडवली आणि वर झाकण ठेवलं. पातेलं रटरटून उकळलं, उतू गेलं, चूल तांबडी झाली. कस्तुराबाईंचे हात कोपरापर्यंत रंगले. पदर रंगला. उलथनं रंगलं. उतू गेलेल्या पाण्यात चोच घालायला आलेली पांढरी कोंबडी मानेपर्यंत तांबडी होऊन पळाली आणि घरच्या कोंबड्यानं तिला ओळखायलाच नकार दिला.

मग कस्तुराबाईंनी चिमट्यानं दोरी वर काढली, हौदावर नेली आणि तांब्याभर पाणी ओतलं. सगळा रंग ओघळून गेला. दोरी पहिल्यापेक्षा जास्त पांढरी दिसू लागली.

"ह्याच्या मायला!" आण्णा म्हणाले.

"बघा," शिवशंकर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा प्रबंध घरच्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होता. त्याला थोडं बरं वाटलं.

"त्याला ऑइल पेंट पायजे," बळभीमनं ट्रॅक्टरवरून सल्ला दिला. "शिंगाचा उरलेला हाय माझ्याकडं. ह्ये शिकलेल्या लोकास्नी साधं सुचत न्हाय."

ऑइल पेंट आला. शिवशंकर "न्हाय बसायचा" म्हणत असताना आण्णांनी आणि बळभीमनं मिळून दोरीला दोन हात मारले आणि ती वाळत घातली. दोरी इतकी तांबडीलाल दिसू लागली की आण्णा मुलाला म्हणाले, "तुज्या सरांचा नंबर दे. सांगतो त्येंना." दुपारी वाळलेली दोरी त्यांनी हातात घेऊन जरा वाकवली, तर कांद्याच्या पातीसारखी रंगाची सालं सुटली आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली. धोतराला मात्र रंग कायमचा बसला.

एव्हाना गल्लीत बातमी पोचली होती. जो तो येऊन दोरी बघत होता, नखानं खरवडत होता आणि एक उपाय सांगून जात होता. कुणी गोंद सुचवला, कुणी चुना, कुणी डांबर. एका म्हाताऱ्यानं दोरीची दृष्ट काढायला सांगितली. प्रत्येकाला शिवशंकर तीच माहिती नव्यानं देत होता. शेवटी त्याचा आवाज बसला, पण रंग बसला नाही.

शिवशंकरची बायको अक्षदा वाशीत ब्यूटी पार्लर चालवायची. ती दुपारी घरी आली तेव्हा सासूबाई तांबड्या, कोंबडी तांबडी, सासऱ्यांचं धोतर तांबडं आणि नवरा पांढराफटक, असं दृश्य तिला दिसलं. सगळी हकिकत तिनं शांतपणे ऐकून घेतली.

"आहो, मग आधी ब्लीच करायचं की. काळ्याभोर केसांवर तरी कलर कुठं बसतो डायरेक्ट? आधी ब्लीच मारावं लागतं."

"अक्षदा," शिवशंकर दात आवळून म्हणाला, "सहा वर्षांचं संशोधन हाय ते. पार्लर न्हाय."

"मी कुठं काय म्हटलं? पण आमच्याकडं पाऊण तासात होतं."

शिवशंकर उठला, मोटारसायकलला किक मारली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेला. रागाच्या भरात घेतलेला निर्णय असला तरी त्याला आधार होता. गेल्या महिन्यात त्यानं एक नवं द्रावण करून बघितलं होतं आणि धाग्याच्या एका टोकाला किंचित, अगदी लाज वाटावी इतका फिकट, गुलाबी रंग आला होता. तेच द्रावण घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, हातमोजे, चष्मा आणि रबरी एप्रन घेऊन तो परतला. वाटेत त्यानं महांतेश सरांना फोन लावला.

"चालेल की ओ," सर म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. जेवढं जास्त भिजवाल तेवढा रंग चांगला. आणि जेवढा रंग चांगला तेवढी दोरीची ताकद कमी. थोडक्यात आवरा."

"थोडक्यातच आवरतो, सर."

गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत त्यानं जुनी टाकी मांडली. सगळा जामानिमा चढवून तो उभा राहिला, तेव्हा कस्तुराबाईंनी "कपाशीला फवारायलास का काय?" असं विचारलं. त्यानं सगळ्यांना लांब हाकललं. द्रावणाचा वास सुटला. गोठ्यातला वजीर दोनदा शिंकला आणि मालकाकडे पाठ करून उभा राहिला.

थोड्या वेळानं दोरी काढून, धुऊन शिवशंकरनं ती कस्तुराबाईंच्या पातेल्यात टाकली. बाईंनी उकळी आणली. बाहेर काढून पाणी ओतलं. सगळे वाकून बघू लागले.

दोरी गुलाबी झाली होती.

धुतलं तरी गुलाबी. चोळलं तरी गुलाबी. शिवशंकरनं ती दगडावर घासली. गुलाबीच. त्याचे डोळे भरून आले.

"बसला!" तो कसाबसा म्हणाला. "आण्णा, बसला रंग!"

"ह्यो?" आण्णांनी बोटाच्या टोकानं दोरी उचलली. "आरं, वजीर हाय त्यो. बारश्याला न्ह्यायचाय का त्येला?"

कुंपणापलीकडून बळभीमच्या हसण्याचा आवाज आला आणि तिथंच शिवशंकरचा तोल गेला. दोरी परत द्रावणात गेली. या वेळी जास्त वेळ. बाहेर आली ती डाळिंबाच्या दाण्यासारखी. त्याला वाटलं, अजून थोडं. तिसऱ्यांदा त्यानं कॅनमधलं उरलेलं सगळं ओतलं. सर काय म्हणाले होते ते त्याला आठवत होतं, पण समोरच्या माणसाचं नाव आठवावं आणि तोंडात येऊ नये तसं. बैल, पोळा, मिरवणूक सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. सहा वर्षं ज्या धाग्यानं त्याला छळलं, झुलवलं, दोन परिसंवादांत मान खाली घालायला लावली, तो आता हळूहळू शरण येत होता. चहा आला, गार झाला. अक्षदानं जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. चुलीपाशी कस्तुराबाई "आजून येक उकळी यिऊ दी" म्हणत जाळ सारत होत्या. मायलेकांचं इतकं एकमत घरात कधी झालं नव्हतं.

दिवस कलताना दोरी बाहेर आली. गर्द तांबडी. जास्वंदीसारखी. आण्णांनी ती धुतली, पिळली, दातानं चावली, धोतरावर घासली. धोतराला काहीसुद्धा लागलं नाही.

"शिवा," आण्णा गहिवरून म्हणाले, "शिकल्याचं चीज केलंस बघ."

शिवशंकरनं फोटो काढून सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन आला. "मी उद्या येतो. कासऱ्याला हात लावू नका कुणी!"

पण तोवर आण्णांनी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणत वजीरला तोच कासरा बांधलाही होता.

सकाळी शिवशंकर जागा झाला तो घाबराच. नशा उतरली होती. त्यानं गोठ्यात जाऊन दोरीचं एक सुटं टोक हातात घेतलं आणि जरा ताणून बघितलं. दोन धागे तट्टकन तुटले.

"आण्णा," तो म्हणाला, "आज हा कासरा नको. तागाचा बांधू."

आण्णा वजीरच्या शिंगांना बेगड लावत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "का?"

"कमजोर झालाय तो. रंग चढला तशी ताकद उतरली."

"काल ट्रॅक्टर उचलला त्येनं."

"तेव्हा पांढरा होता!"

"आरं, रंग दिल्यावर कुटं वस्तू कमजोर हुती का? दाराला रंग दिल्यावर दार मोडतं का? कालपसनं आर्धं गाव कासरा बघून गेलंय. आता तागाचा बांधून हसं करून घिऊ?"

"मग निदान दोन्ही बांधा."

"दोन कासरं? वजीर काय हत्ती हाय?"

शिवशंकरनं आईकडे पाहिलं. कस्तुराबाई तांबड्या हातांनी पुरण वाटत होत्या. "कसा उटून दिसतोय, न्हाय का?" त्या म्हणाल्या. अक्षदा तेवढी नवऱ्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्याकडंबी असंच असतं. एकदा कलर आवडला की केस तुटतील म्हणून सांगितलेलं कुणी ऐकत नाही."

दुपारी मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे सजवलेले बैल. गावात आता बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त होते, पण जेवढे बैल उरले होते तेवढ्यांचा मान पूर्वीच्या सगळ्या बैलांएवढा होता. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. पहिल्यांदा तोरणाखालून मानाची जोडी जायची आणि मग बाकीचे. मान बळभीमच्या घराण्याकडे होता. वर्षातला हा एक दिवस, ज्या दिवशी बळभीम ट्रॅक्टरवरून उतरून चालायचा.

आण्णा छाती काढून चालत होते. माणसं वजीर सोडून कासराच बघत होती. "व्हय, ह्योच त्यो," आण्णा सांगत होते. "शिवानं रंगवलाय. कुनालाच येत न्हाय ह्ये." शिवशंकर त्यांच्या शेजारून, दोन्ही हात बैलाकडे पसरून, पडणारं पातेलं झेलायला उभं राहावं तसा चालत होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, खांद्याला शबनम पिशवी लावलेले महांतेश सर आले.

"कुठं आहे कासरा?" नमस्कारचमत्कार न करता त्यांनी विचारलं.

"तो बघा, सर. पण ताकद पार गेलीय ओ त्याची."

"जाऊ द्या की ओ ताकद! काय रंग आहे!" सर वजीरच्या तोंडासमोर जाऊन कासऱ्याकडे टक लावून उलटे चालू लागले.

फटाक्यांच्या कारखान्यांचं तेरखेडा जवळच असल्यामुळे गावात फटाके घरोघरी पोचलेले असायचे. मानाची जोडी वेशीपासून थोड्या अंतरावर आली आणि कुणीतरी भलीमोठी माळ लावली. धडाधड आवाज सुरू झाला. हलगी कडाडली. वजीरनं कान टवकारले, एकदा मान खाली घातली आणि नुसती वर केली. हिसका असा दिलाच नाही त्यानं. पापड मोडावा तसा कासरा मोडला.

महांतेश सर वेळीच बाजूला उडाले. वजीर शेपटी उभी करून सुटला. मानाच्या जोडीला वळसा घातला, वेशीत शिरला, शिंगांनी तोरण उचकटलं आणि आंब्याची पानं गळ्यात घालून एकटाच मारुतीच्या देवळाकडे निघून गेला. आण्णा हातात तांबडा तुकडा धरून जागेवर उभे होते.

हलगी थांबली.

"मान मोडला!" बळभीमचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "माझ्या आज्ज्यापसनं चालत आलेला मान! गेल्या साली पुरान, औंदा मान! सोडनार न्हाय म्या!"

"जनावर हाय ते बळभीम," आण्णा म्हणाले.

"जनावर तुमचं हाय! मुद्दाम केलंया! तोडायचा म्हनूनच रंगवला कासरा!"

भाऊबंद गोळा झाले. बाह्या वर सरकल्या. कुणी म्हणालं पोळा उद्या परत करा, कुणी म्हणालं बब्रुवानच्या घरचा बैल यापुढे मिरवणुकीत नको. शिवशंकर दोन्हीकडच्या माणसांना हात जोडून सांगत होता, "चूक माझी हाय, रंग जास्त झाला," आणि त्याचा कुणालाच अर्थ लागत नव्हता. अखेर सरपंच शिवरंजनीबाई पुढे आल्या. त्यांना घरी जाऊन पुरणपोळ्या लाटायच्या होत्या आणि हे भांडण लांबवायला त्यांना अजिबात वेळ नव्हता.

"बब्रुवानआण्णा, हात वर करा," त्या म्हणाल्या.

आण्णांनी हात वर केला. हातात तांबडा तुकडा लोंबत होता.

"कासरा कुनाच्या हातात हाय?"

"आण्णांच्या," लोक म्हणाले.

"आन बैल कुटं हाय?"

"देवळाकडं."

"मंग झालं तर. कासरा धरून मालक आत गेला आसता, तर मान मोडला आसता. मालक हितंच हाय, कासरा हितंच हाय. बिनकासऱ्याचा बैल म्हंजी मोकाट जनावर. सकाळपसनं येशीतनं धा कुत्री गेली, त्येंनी मान मोडला का? बळभीमभाऊ, चला फुडं. तोरन दुसरं बांधा रं!"

बळभीमनं बाह्या खाली केल्या आणि मानाच्या जोडीचा कासरा धरला. हलगी पुन्हा सुरू झाली. शिवशंकरनं कपाळावरचा घाम पुसला. तो जन्मात पहिल्यांदाच एखादी दोरी तुटल्याबद्दल देवाचे आभार मानत होता. काल ट्रॅक्टर उचलणारा तो पांढरा कासरा आज आण्णांच्या हातात असता, तर वजीर आण्णांसकट वेशीतून गेला असता.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. "अगं आई गं! शिवशंकर, बघा की ओ इकडं!"

महांतेश सर धुळीत गुडघ्यांवर बसले होते. मागून येणारे बैल त्यांना चुकवून जात होते. कासऱ्याचा दुसरा तुटका तुकडा त्यांच्या हातात होता आणि खिशातून काढलेलं भिंग त्याच्या टोकावर धरलं होतं.

"गाभ्यापर्यंत गेलाय रंग! पार आतपर्यंत! तुटला नसता तर कळलं कसं असतं हे? आता सांगा, किती भिजवलं? किती वेळ?"

शिवशंकरनं बोटं मोजायला घेतली. तो आठवू लागला. पहिल्यांदा थोडा वेळ. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा? तेव्हा तर त्याला जेवणाचंही भान नव्हतं.

"आणि मीठ किती टाकलं?"

"ते आईनं टाकलं."

सरांनी त्याला हाताला धरून घरी नेलं. तिथं वजीर आधीच येऊन, गळ्यात तोरण घेऊन, आपल्या जागेवर अगदी गरिबासारखा उभा होता. सरांनी कस्तुराबाईंना नमस्कार केला आणि प्रमाण विचारलं.

"मूठभर," बाई म्हणाल्या.

"मूठ कुणाची?"

"आता मूठ कुनाची म्हंजी? ज्याची आसंल त्येची."

"आणि उकळलं किती?"

"रंग चढंस्तोवर."

सर बराच वेळ बाईंच्या तांबड्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी निःश्वास सोडला. "म्हणजे परत पहिल्यापासून करायचं की ओ, शिवशंकर."

शिवशंकर ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसला. एकदाच, जन्मात एकदाच रंग बसला होता, आणि तो परत कसा बसवायचा हे पृथ्वीतलावर कुणालाही माहीत नव्हतं.

वजीरला ओवाळून, नैवेद्य खाऊ घालून झाल्यावर पंगत बसली. आण्णांनी तुटका कासरा पानाशेजारीच ठेवला होता. जेवण झालं की पोराला चांगला फैलावर घ्यायचा, हे त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून सगळ्यांना दिसत होतं. पोळी मोडता मोडता ते सरांकडे वळले.

"साहेब, येक इचारतो, राग मानू नका. ताकद ठिवली की रंग बसंना. रंग बसला की ताकद ऱ्हाईना. मंग दोनी येका दोरीत कदी यायचं?"

सरांचा घास हातातच राहिला. "काय प्रश्न विचारलात ओ! सगळी गोची तिथंच आहे. ह्याच एका प्रश्नावर माझ्याकडं आणखी दोन पोरं बसलेत. त्यातल्या एकाचं लग्न व्हायचं राहिलंय ह्याच्यापायी."

"आन आमच्या शिवाचं?"

"शिवशंकर त्यांच्या पुढं आहेत. त्यांना रंग बसवता येतो, हे आज कळलं. कसा, ते कळलं की निम्मं काम झालं. मग राहिलं ताकदीचं."

आण्णांनी मान हलवली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. शिवशंकर पानावर मान खाली घालून बसला होता. बोटांना डाग, डोळे खोल गेलेले, समोरची पोळी तशीच. आण्णांनी आयुष्यभर शेती केली होती. पाऊस नाही आला तर पुढच्या साली येतो, पीक बुडालं तर रान तरी जागेवर राहतं. पण एक गोष्ट वाढवली की दुसरी बुडते, अशा रानात आपलं पोरगं सहा वर्षं एकटंच राबतंय, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. त्यांनी आपल्या पानातली पोळी उचलली, मुलाच्या पानात ठेवली आणि आजारी बैलाशी बोलताना काढायचे तो हळू आवाज काढून बायकोला म्हणाले,

"कस्तुरा, त्येच्या पोळीवर तूप वाढ. आन आजपसनं कदी संपनार म्हनून त्येला कुनी इचारायचं न्हाय."

मग जरा थांबून ते सुनेकडे वळले. "पोरी, तुजं पार्लर मात्र बंद पडू दिऊ नगंस."